खुर्चीचा उजवा हात

तिसरी बादली ओतली तरी पाणी काळंच निघत होतं, आणि तिला त्याचा आनंद होत होता.

"अगं, खुर्ची आहे ती. तिला न्हाऊमाखू काय घालतेस?" सुट्टीमुळे घरी असलेला नवरा न्हाणीच्या दारात उभा राहून म्हणाला. त्याच्या हातात चहाचा कप होता. तो कप टेकवायला घरात अजून जमिनीशिवाय जागा नव्हती.

"बसायचंय ना तुम्हांला? मग दम धरा जरा."

"नऊ दिवस बॅगेवर बसलोय. अजून तासभर बसेन. बॅगेला माझी सवय झालीय."

ती हसली. या शहरात आल्यापासून ती बहुधा पहिल्यांदाच मोठ्याने हसली असेल. पदर खोचून, उकिडवी बसून ती खुर्चीचे पाय सोड्याच्या पाण्याने घासत होती. एकवीस वर्षं तिने कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत हेच केलं होतं. नोकरीचं नाव प्रयोगशाळा सहायक, पण काम मुख्यतः धुण्याचं. काचेची नळी धुऊन उलटी धरली की पाणी एकसारखं ओघळून गेलं पाहिजे, आत एक थेंब चिकटून दिसता कामा नये. थेंब दिसला की नळी परत हौदात. नवीन लागलेल्या पोरींना ती सांगायची, "स्वच्छ दिसणं वेगळं आणि स्वच्छ असणं वेगळं."

नवऱ्याचा कारखाना बंद पडला, तेव्हा त्याच्या जुन्या सोबत्याने त्याला इकडे बोलावून घेतलं. सोबती वेल्डर होता, सहा वर्षांपूर्वी इकडे आलेला. लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या कंपनीत फिटर हवा होता. नवरा म्हणाला, मी पुढे होतो, तू मागाहून ये. ती म्हणाली, गेलो तर दोघं जाऊ. आणि तिने राजीनामा दिला. आता नऊ दिवस तिच्या हातांना काम नव्हतं. दोन खोल्या, एक गादी, दोन बॅगा, चार भांडी. हे धुऊन होतं किती वेळात? रोज नऊ वाजता नवरा कामावर गेला की ती दहापर्यंत मोकळी व्हायची आणि मग संध्याकाळपर्यंत दिवस अंगावर यायचा.

खुर्ची काल संध्याकाळी मिळाली होती. वेल्डर त्यांना बाजार दाखवायला घेऊन गेला होता. परत येताना त्यांच्याच गल्लीत, समोरच्या इमारतीच्या भिंतीला लागून, कचऱ्याच्या डब्यांपासून चार हातांवर ती दिसली. लाकडी, दोन हातांची, पाठीला उभ्या पट्ट्या.

"न्या की वहिनी," वेल्डर म्हणाला.

"अशी कशी नेऊ? कुणाची असेल."

"इथं तसं नसतं. नको असलेली वस्तू लोक भिंतीला लावून ठेवतात, ज्याला हवी त्याने उचलायची. माझा सोफा असाच आलाय. कपाटसुद्धा. माझ्या घरात बायको सोडली तर सगळं रस्त्यावरचं आहे."

नवरा खो खो हसला. तिने इकडेतिकडे पाहिलं. कुणी पाहत नव्हतं. आणि नेमकं हेच तिला पुढे आठवत राहिलं, की आपण आधी कुणी पाहतंय का ते पाहिलं होतं.

धुऊन, पुसून, उन्हात वाळवून खुर्ची खोलीत आली तेव्हा ओळखू येईना. नवऱ्याने एका पायाचा ढिला सांधा स्क्रू मारून पक्का केला होता. त्या पायाखाली कुणीतरी पुठ्ठ्याची घडी घातली होती, ती काढून टाकली. तिने तर सकाळीच कात्री घेऊन खुर्चीच्या उजव्या हातावरची चिंध्यांची गुंडाळी कापून काढली होती. काय घाण होती ती! वरचा थर तेलकट काळा, चिकटपट्टीने जखडलेला. त्याखाली टॉवेलचा तुकडा, त्याखाली लोकरीचा मोजा, मग निळ्या चौकड्यांचं कापड. मोजायची सवय म्हणून तिने थर मोजले. सात. सगळं काळ्या पिशवीत भरून नाक धरून खाली टाकून आली. दुपारी कचऱ्याची गाडी येऊन गेली.

"बसा आता."

नवरा बसला. दोन्ही हात खुर्चीच्या दोन्ही हातांवर ठेवून साहेबासारखा मागे रेलला. "आता आपलं घर झालं," तो म्हणाला.

संध्याकाळी नणंदेचा फोन आला. फोनवर चेहरे दिसत होते. "अरे वा, खुर्चीबिर्ची! बघू बघू. लाकडी दिसतेय. कुठून आणलीत?"

"इथल्या दुकानातून," नवरा तिच्याआधी म्हणाला. "चांगलं सामान मिळतं इथं, ताई."

"बरं झालं बाई. मला तर घोर लागला होता, हे दोघं परमुलखात जमिनीवर बसून जेवत असतील. वहिनी, तू बस बघू त्यात. मला बघू दे तुला."

ती बसली. नणंद कौतुकाने पाहत राहिली, आणि ती खुर्चीच्या कडेला टेकून, नवी सून बसते तशी, बसून राहिली.

दुसऱ्या दिवशी नवरा कामावर गेल्यावर तिने खुर्ची खिडकीशी ओढली. आधीच्या भाडेकरूने काचांवर वर्तमानपत्रं चिकटवली होती. ती तिने ओली करून खरवडून काढली. खोलीत पहिल्यांदा ऊन आलं. तिने तिथली भाषा शिकायची वही उघडली. चाळीस शब्द झाले होते: पाणी, मीठ, उजवीकडे, डावीकडे, किल्ली, खुर्ची. समोर ऐकू येईल त्याचा उच्चार ती देवनागरीत लिहून ठेवायची.

दहा वाजले असतील. समोरच्या इमारतीच्या तळमजल्यावरचं दार उघडलं आणि एक म्हातारा बाहेर आला. डाव्या काखेत वर्तमानपत्राची घडी. पांढरा सदरा, वरपर्यंत बटणं लावलेला. तो भिंतीला धरून पाचसहा पावलं चालला, वळला, बसायला म्हणून थोडा वाकला आणि तसाच थांबला.

त्याने मागे पाहिलं. मग कचऱ्याच्या डब्यांपाशी जाऊन त्यांच्या मागे पाहिलं. मग परत त्याच जागी येऊन भिंतीला पाठ लावून उभा राहिला. बराच वेळ. वर्तमानपत्र उघडलं नाही. शेवटी आला तसा भिंत धरून आत गेला.

चटका बसल्यासारखी ती खुर्चीवरून उठली. एवढा वेळ आपण त्याच्याच खुर्चीत बसून त्याला ती शोधताना बघत होतो, हे तिला उठल्यावर कळलं.

संध्याकाळी नवऱ्याने बूट काढायच्या आधीच तिने सांगून टाकलं.

"सहज उभा असेल गं. म्हातारी माणसं उभी राहतात अशी."

"डब्यांच्या मागे पाहिलं त्यांनी."

"काही पडलं असेल त्यांचं."

"अहो, ते बसायला वाकले होते. खुर्ची आहे असं धरून वाकले होते. काल सुट्टीचा पेपर निघाला नसेल, ते बाहेर आले नसतील. आजच कळलं त्यांना."

नवऱ्याने बूट काढले, मोजे काढून बुटांत घातले. मग खुर्चीकडे न पाहता जमिनीवर बसला. "वेल्डर म्हणाला ना, न्या म्हणून," तो म्हणाला, आणि त्या रात्री दोघंही जेवताना बॅगांवर बसले.

तिसऱ्या दिवशी तिने खिडकीला पुन्हा वर्तमानपत्र लावलं. एका कोपऱ्यात चार बोटांची फट ठेवली. फट कशासाठी ठेवली, हे तिने स्वतःला विचारलं नाही.

दहाला म्हातारा आला. आज त्याच्या डाव्या हातात प्लॅस्टिकची बादली होती. ती त्याने त्या जागेवर उलटी ठेवली आणि भिंतीचा आधार घेत तिच्यावर बसला. बादली ठेंगणी होती, गुडघे पोटाशी आले. त्याने पेपर मांडीवर पसरला आणि डाव्या हाताने पानं उलटली. उजवा हात नुसता मांडीवर पडून होता. तेव्हा तिने तो हात नीट पाहिला. बोटं अर्धवट मिटलेली, ना पुरती उघडत होती ना पुरती मिटत होती, जसा कुणी न दिसणारा पेला धरून बसला आहे. शंभर मिलिलिटरच्या बीकरएवढी पोकळी, तिला मनाशी माप लागलं.

अर्ध्या तासाने त्याने पेपर घडी करून काखेत मारला आणि उठायला लागला. उजवा हात बाजूला गेला. खुर्चीचा हात जिथे असतो, नेमक्या त्या उंचीवर गेला आणि हवेत टेकला. पुन्हा गेला. अंगाची सवय होती ती, माणसाचा तिथे इलाज नव्हता. तिसऱ्या खेपेला त्याने जोर केला, बादली सरकली आणि तो कुशीवर पडला.

ती फटीशी उभी होती. मधे सोळा पायऱ्या आणि एक गल्ली. धावली असती तर दोन मिनिटं लागली नसती. तिचा हात दाराच्या कडीपर्यंत गेलासुद्धा. पण त्यांच्यापुढे जायचं कोणत्या तोंडाने? ते विचारतील कोण तुम्ही, कुठे राहता. वर खिडकीकडे बघतील.

ती परत फटीशी आली. बाबागाडी ढकलत चाललेल्या एका बाईने गाडी भिंतीशी लावली, म्हाताऱ्याला बगलेत धरून उठवलं. त्याने गुडघे झटकले. बाई काहीतरी विचारत होती, तो मान हलवत होता. मग बाईने बादली उचलून त्याच्या दारापर्यंत नेऊन दिली. गल्ली रिकामी झाली. वर्तमानपत्र मात्र तिथेच पडलं होतं. वाऱ्याने त्याची पानं एकेक करून सुटली. ते उचलायलाही ती गेली नाही.

न्हाणीत जाऊन तिने हात धुतले. मग पुन्हा धुतले.

नवरा आला तेव्हा अंधार पडायचा होता तरी तिने दिवा लावला होता आणि खुर्ची खोलीच्या मधोमध ठेवली होती.

"ते पडले," ती म्हणाली. "आणि मी गेले नाही."

"कोण पडलं?"

तिने सगळं सांगितलं. सांगताना तिचा आवाज कोरडा होता, निकाल वाचून दाखवावा तसा. नवरा ऐकत गेला. मग म्हणाला, "उद्या पहाटे उठू. कुणी नसतं तेव्हा मी नेऊन ठेवतो जागेवर. विषय संपला."

"अशी? बोडकी?"

"म्हणजे?"

"हातावरचं सगळं मी कापून टाकलंय."

"फडकं होतं गं ते."

"फडकं नव्हतं. माप होतं. त्यांच्या हाताचं माप. एका दिवसात नाही गुंडाळलेलं ते. हात जसजसा कमी मिटायला लागला तसतसा एकेक थर चढत गेला असणार. वर्षं लागली असतील. मी दहा मिनिटांत कापलं. वर मोजलं, सात थर म्हणून."

तेवढ्यात फोन वाजला. नणंद. फोन घेतला असता तर पाठीमागे खुर्ची दिसली असती. दोघं फोनकडे पाहत राहिले. तो वाजून वाजून थांबला.

"एक सांगू?" नवरा हळूच म्हणाला. "कंपनीतून निघताना गेटवर बॅग उघडून दाखवावी लागते. सगळ्यांनाच. पहिल्या दिवसापासून दाखवतोय, काही वाटलं नाही कधी. आज चेन उघडायलाच मला वेळ लागला. गेटवाल्याने दोनदा बघितलं माझ्याकडे." तो थांबला. "त्या म्हाताऱ्यांनी तक्रार केली तर इथे राहायचे कागद जातील आपले. हे पण आहे. नुसती लाजच नाही."

"माहितीय."

"वेल्डरला नेऊ बरोबर? त्याला भाषा येते. नाहीतर फोनमध्ये टाक, फोन बोलेल."

"चूक माझी आणि बोलणार फोन?" ती म्हणाली. "आणि दिवसाउजेडी नेऊ. चोरून आणली, चोरून ठेवायची नाही."

"चोरून नव्हती आणली," तो म्हणाला. मग स्वतःच मान खाली घातली.

ती उठली. बॅगेच्या तळाशी, उन्हाळी कपड्यांच्या खाली, प्रयोगशाळेतला तिचा पांढरा कोट होता. जाड सुती, गुडघ्यापर्यंत लांब, अ‍ॅसिडचे तीन पिवळे डाग पडलेला. "घरात धुण्याबिण्याच्या वेळी घालीन," असं सांगून तिने तो आणला होता. खरं ते एवढंच नव्हतं. या शहरातही शाळा असतील, कॉलेजं असतील, नळ्या धुवाव्या लागत असतील. भाषेचे चाळीस शब्द चारशे झाले की विचारून बघू, असं तिच्या मनात होतं. नवऱ्याला ते ठाऊक होतं. दोघांपैकी कुणी कधी बोललं नव्हतं.

तिने कडेला कात्रीने खाच दिली आणि कापड टर्रकन फाडलं.

"अगं! दुसरं काही नाही का? माझी लुंगी घे."

"लुंगी घसरते. हे कापड घामाला धरून राहतं."

चार बोटं रुंदीच्या पट्ट्या झाल्या. खिशाची पट्टी फाडताना ती जरा थांबली, कारण खिशावर लाल दोऱ्याने 'रसायनशास्त्र' असं भरलेलं होतं. पहिल्या पगाराच्या महिन्यात तिने स्वतःच ते भरलं होतं. मग तीही फाडली. नवरा खुर्ची घट्ट धरून बसला आणि ती पट्ट्या ओढून ओढून गुंडाळत गेली. शेवटची पट्टी तिने मोकळी ठेवली.

चौथ्या दिवशी नवऱ्याने दुपारची पाळी मागून घेतली. दहाला पाच मिनिटं असताना दोघांनी खुर्ची दोन बाजूंनी धरून जिना उतरवला. खरं तर एकट्याने सहज नेता आली असती.

म्हातारा दारातून बाहेर पडत होता. आज बादली नव्हती, नुसता पेपर होता. आधी त्याने खुर्चीकडे पाहिलं, मग त्या दोघांकडे, मग वर त्यांच्या खिडकीकडे. तिथे वर्तमानपत्रातली चार बोटांची फट स्पष्ट दिसत होती.

त्यांनी खुर्ची जागेवर ठेवली. तिने रात्रभर घोकलं होतं. वहीत 'माफ करा'साठी एक शब्द होता, पण तो तिने बसमध्ये ऐकला होता, कुणाचा पाय कुणाच्या पायावर पडला तेव्हा. तोच तिच्याजवळ होता. तिने खुर्चीवर बोट ठेवलं, मग स्वतःच्या छातीवर, आणि तो शब्द उच्चारला. पायावर पाय पडण्याएवढाच तो शब्द होता. तिला तो पुरा पडेना म्हणून तिने पुन्हा उच्चारला.

म्हाताऱ्याने मान हलवली नाही. तो खुर्चीत बसला. पाय डुगडुगत नाही हे त्याला जाणवलं असावं. त्याने वाकून खाली पाहिलं, पुठ्ठा दिसला नाही. मग उजवा हात गुंडाळीवर ठेवला. बोटं मिटत आली आणि कापडाला पोचायच्या आत थांबली. त्याने उठायचा प्रयत्न केला. हात घसरला. त्याने तिच्याकडे पाहिलं.

ती गुडघ्यांवर बसली आणि उरलेली पट्टी चढवायला लागली. तो हात बाजूला घेऊन बघत राहिला. एक वेढा झाला की ती थांबे, तो हात ठेवून पाही आणि डाव्या हाताची दोन बोटं हलवी. अजून. आणखी एक वेढा. अजून. एवढ्या जवळून त्या हाताचा वास तिला आला, साबणाचा, स्वच्छ. नखं नीट कापलेली होती. घाण म्हणून आपण जे नाक धरून टाकलं ते याच हाताचं, हे तिच्या मनात आलं आणि तिचे कान तापले. मागे उभ्या नवऱ्याने खिशातून चिकटपट्टी काढून पुढे केली.

पट्टी संपली तेव्हा बोटं कापडावर टेकली. लाल दोऱ्याचं टोक नेमकं वर आलं होतं, अर्धा शब्द, 'रसाय', म्हाताऱ्याच्या तळहाताखाली. त्याने जोर दिला आणि तो उठला. पुन्हा बसला. पुन्हा उठला. मग तिला 'थांबा' अशी खूण करून आत गेला.

"रागावलेत का गं?" नवरा कुजबुजला.

"कळत नाही."

"तू चांगलं केलंस हं."

"काही चांगलं केलं नाही मी," ती म्हणाली.

म्हातारा बाहेर आला तेव्हा त्याच्या डाव्या हातात कपडे वाळत घालायच्या दोरीचं भेंडोळं होतं. ते त्याने तिच्यापुढे धरलं. तिला कळेना. त्याने हनुवटीने खुर्चीचा मागचा पाय दाखवला, मग त्याच्या खिडकीचे गज. मग स्वतःचा उजवा हात किंचित उचलून दाखवला, म्हणजे, मला गाठ मारता येत नाही.

आता तिला कळलं. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. टोमणाही नव्हता. इतकी वर्षं खुर्ची मोकळी ठेवली होती, आता ठेवता येणार नाही, एवढंच तो सांगत होता.

नवऱ्याचा चेहरा उतरला. "आण इकडे," तो म्हणाला, "मी बांधतो."

"नको."

तिने दोरी घेतली. खुर्चीच्या पायाला दोन फेरे दिले, दोरी गजातून ओवली आणि दुहेरी गाठ मारली. म्हातारा वाकून बघत होता. तो सरळ झाला, खुर्चीत बसला, उजवा हात जागेवर ठेवला आणि डाव्या हाताने पेपर उघडला.

ती उठायच्या बेतात होती. मग पुन्हा खाली बसली आणि गाठ ओढून पाहिली. पक्की होती. तरी तिने ती आणखी एकदा ओढून पाहिली.